चारही चाकांचा जोर आणि आंबेनळीचा उतार

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या आंबेनळी घाटात वळणावर समोरून एसटी उतरत आली, की चढणाऱ्या गाडीला कडेला दबून थांबावं लागतं. रस्ता अरुंद, त्यामुळे डावीकडची दोन्ही चाकं डांबर सोडून साईडपट्टीच्या लाल चिखलात उतरतात. एसटी निघून जाते. ड्रायव्हर क्लच सोडतो आणि पुढचं डावं चाक जागच्या जागी गरगरायला लागतं. इंजिन ओरडतं, चिखल दारापर्यंत उडतो, गाडी मात्र तसूभर हलत नाही. उजवीकडचं चाक तेव्हा चांगल्या डांबरावर उभं असतं, तरी ते फिरत नाही.

हा दोष ड्रायव्हरचा नाही. दोन चाकांच्या मधे बसवलेल्या डिफरन्शियलचा तो स्वभाव आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर एकाला फरफटत जावं लागेल. डिफरन्शियल त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण त्याची एक अट असते: दोघांना मिळणारा जोर सारखाच राहतो. चिखलातलं चाक जेवढा जोर पेलू शकतं, तेवढाच डांबरावरच्या चाकाला मिळतो. चिखलातलं चाक जवळपास काहीच पेलत नाही, म्हणून डांबरावरच्यालाही जवळपास काहीच मिळत नाही.

यावर उपाय म्हणून चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या आल्या आणि आज महाड-पोलादपूरच्या रस्त्यांवर त्या पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी वरंधा घाटात वाघजाईपाशी किंवा शिवथरघळीच्या फाट्यावर उभं राहिलं, तर उंच गाड्यांची रांग लागलेली असते. त्यांच्या मालकांचा समज असा, की आपली गाडी फोर बाय फोर आहे, म्हणजे घाट, पाऊस, चिखल यांची चिंता मिटली. या समजाचा अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा जिवावर बेतू शकतो, आणि तोच जाहिरातींत कधी सांगितला जात नाही.

खऱ्या भागाचं श्रेय जीपला द्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रने मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं डोंगरातल्या सरकारी कामाचं वाहन म्हणजे जीप असंच समीकरण राहिलं. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. या दोन्ही गाड्यांची रचना साधी आणि दणकट होती. एरवी जोर फक्त मागच्या चाकांना जाई. गिअरबॉक्सशेजारचा दुसरा दांडा ओढला, की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडून टाकी. २०२०ची थार आणि २०२३ला भारतात विक्रीला आलेली जिमनी आजही मुळात याच पद्धतीने चालतात.

या रचनेची एक मर्यादा नेमकी घाटातच उघडी पडते. तीव्र वळणावर पुढची दोन चाकं मागच्या दोन चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. शाफ्ट घट्ट जोडलेले असले, की हा फरक कुठेतरी जिरावा लागतो. चिखलात चाक थोडं घसरून तो जिरवतं. कोरड्या, पकड असलेल्या डांबरावर त्याला वाट मिळत नाही. स्टिअरिंग जड होतं, शाफ्ट आणि गिअर पिळले जातात, टायर घासतात. म्हणून अशा गाडीत कोरड्या घाटात फोर बाय फोर लावून ठेवू नये, असं तिच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. तरीही ‘सेफ्टीसाठी’ म्हणून मुंबईपासून तो दांडा ओढून येणारे लोक आहेत.

ऑल व्हील ड्राइव्ह म्हणतात ती रचना हाच पेच सोडवायला आली. १९८० साली ऑडीने क्वात्रो बाजारात आणली. तिच्या मधोमध आणखी एक डिफरन्शियल होतं, त्यामुळे चारही चाकांना सतत जोर मिळे आणि वळणावर शाफ्ट पिळले जात नसत. पण मधलं डिफरन्शियल मोकळं ठेवलं, तर एक चाक घसरल्यावर चारही चाकांचा जोर पळतो. म्हणून ते लॉक करण्याची सोय द्यावी लागली आणि पुढे घसरण जाणवताच आपोआप आवळणारी गिअरची रचना आली. भारतात सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातली अशी गाडी म्हणून २०१४ची डस्टर अनेकांना आठवत असेल. नंतर ग्रँड विटारामध्येही ती सोय मिळाली. या गाड्यांत मधल्या डिफरन्शियलऐवजी क्लचच्या चकत्यांचा एक संच असतो. रस्ता चांगला असला, की गाडी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते. पुढचं चाक घसरतंय असं दिसताच संगणक विजेच्या साहाय्याने चकत्या दाबतो आणि जोर मागे जातो.

चाक घसरतंय हे संगणकाला कळतं ते एबीएसच्या सेन्सरमुळे. प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारा सेन्सर असतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा वेगाने फिरायला लागलं, की संगणक तेवढ्याच चाकाचा ब्रेक हलकासा दाबतो. इथे डिफरन्शियलचा तोच स्वभाव उपयोगी पडतो. ब्रेकमुळे घसरणाऱ्या चाकाला फिरवायला जोर लागू लागतो, म्हणजे तेवढाच जोर पलीकडच्या, पकड असलेल्या चाकालाही मिळतो. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगात डांबरावरचं उजवं चाक मग गाडी खेचून काढतं. त्यासाठी गाडी फोर बाय फोर असावीच लागते असं नाही. ही ब्रेकची सोय, म्हणजे चांगलं ट्रॅक्शन कंट्रोल, असलेली पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडीही असल्या खड्ड्यातून बहुतेकदा निघते.

चाक थोडंही घसरता कामा नये, असंही नाही. रबर रस्त्याला धरून जोर लावतं तेव्हा ते जरासं घसरतच असतं, आणि साधारण दहा ते वीस टक्के घसरणीला पकड सर्वांत जास्त मिळते. त्यापुढे ती उतरत जाते. म्हणून चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर दाबणारा ड्रायव्हर स्वतःची पकड स्वतःच घालवतो, आणि संगणक नेमकं उलट करतो, म्हणजे इंजिनचा जोर कमी करतो. अपवाद खोल चिखलाचा. तिथे चाकाला थोडं जास्त फिरू दिलं, तर टायरच्या खाचांतला गाळ उडून जातो आणि रबर खालच्या कठीण जमिनीला टेकतं. म्हणून अशा गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण दिलेलं असतं.

आता थोडं गणित, कारण या विषयातलं बरंचसं शहाणपण गणितातच आहे. १,६०० किलोची गाडी घ्या. वळणाच्या आतल्या बाजूला चढ बराच उभा असतो. सहा मीटरला एक मीटर धरू. एवढा चढ नुसता चढायला वजनाच्या एक षष्ठांश, म्हणजे सुमारे २६७ किलोचा जोर रस्त्यावर उतरायला हवा. रस्त्यावर ओला चिखल पसरलेला आहे आणि पकडीचा गुणांक ०.२ आहे असं समजू. कोरड्या डांबरावर तो ०.७च्या आसपास असतो, ओल्या डांबरावर ०.५. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चढावर पुढच्या चाकांवर साधारण ८८० किलो वजन येतं. त्याचा पाचवा भाग १७६ किलो. गाडी चढणार नाही. चारही चाकांना जोर असेल, तर पूर्ण १,६०० किलोचा पाचवा भाग, ३२० किलो मिळतो. गाडी चढते. फोर बाय फोरची सगळी कमाई या दोन आकड्यांच्या फरकात आहे आणि ती मोठी आहे.

तीच गाडी आता त्याच चिखलातून, त्याच वळणावर खाली येऊ द्या. वेग ताशी ३० किलोमीटर. ब्रेक दाबला, एबीएसने आपलं काम अचूक केलं. गुरुत्वाकर्षण गाडीला वजनाच्या एक षष्ठांशाने खाली ओढतंय, टायर एक पंचमांशाने धरून ठेवतायत. शिल्लक उरते फक्त एक तिसांश. थांबायला लागणारं अंतर येतं शंभर मीटरहून जास्त. कोरड्या डांबरावर त्याच उतारावर ते सात मीटरांच्या आत असतं. आणि या हिशेबात जोर किती चाकांना जातो हा आकडा कुठेच येत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. बारा लाखांची फोर बाय फोर आणि पंधरा वर्षं जुनी हॅचबॅक, दोघींची पकड सारखी असेल तर त्या उतारावर दोघी सारख्याच लांब जाणार.

वळण्याचंही तसंच. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या डांबरावर गाडी ताशी ३६ किलोमीटरपर्यंत रस्ता धरते. चिखलात ती मर्यादा १९-२० वर येते. त्यातही ब्रेक दाबून वळवलं, तर टायरची पकड दोन कामांत वाटली जाते आणि मर्यादा आणखी खाली सरकते.

मग सगळ्यांत मोठा धोका कोणाला? चढावर चिखल जाणवलाच नाही अशा ड्रायव्हरला. दोनच चाकांना जोर असलेली गाडी चढताना घसरते, चाक फिरवते, आवाज करते. रस्ता निसरडा असल्याचं वेळेवर सांगते. चारही चाकांना जोर असलेली गाडी शांतपणे वर जाते. तिच्या ड्रायव्हरला पकड संपल्याची पहिली बातमी कळते ती पलीकडच्या उतारावर, ब्रेक दाबल्यावर. खरेदीच्या वेळी कोणीतरी हे ग्राहकाला शब्दशः सांगायला हवं.

न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. फोर लोमध्ये, म्हणजे ट्रान्सफर केसच्या संथ गिअरात, पहिल्या-दुसऱ्या गिअरात उतरताना इंजिनचा रोध चारही चाकांना वाटला जातो आणि गाडी ब्रेकला जवळजवळ पाय न लावता चालण्याच्या वेगाने उतरते. निसरड्या कच्च्या उतारावर याचा खरोखर फायदा आहे. पण तो वेग आधीच कमी ठेवणाऱ्यालाच मिळतो. शिवाय रस्त्यावर दिसणारी प्रत्येक थार फोर बाय फोर नसते. जानेवारी २०२३पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते. दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे मित्राकडून उसन्या घेतलेल्या गाडीत नेमकं काय आहे, हे बघितल्याशिवाय घाटाला लागू नये.

पाण्याबद्दल तर याहून कडक बोलायला हवं. थारची ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीच सांगते, पण तो आकडा संथ पाण्याचा आहे. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी उचलू शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, त्यात उंच गाड्याही आल्या. गाडी तरंगायला लागली, की चाकं रस्त्याला टेकत नाहीत. मग जोर दोन चाकांना जातो की चार, याला अर्थ उरत नाही. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते आणि पोलादपूर-महाडवरून खाली जाते. २२ आणि २३ जुलै २०२१च्या दरम्यान चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यातलं बरंच पाणी या खोऱ्यात उतरलं. महाड शहर पाण्याखाली गेलं. २२ जुलैच्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडींनी बळी घेतले. रस्ते पाण्याने आणि दरडींनी तुटले होते. कोणतीही फोर बाय फोर तिथून पार झाली नसती.

म्हणूनच गेल्या काही पावसाळ्यांत वरंधा घाट जड वाहनांसाठी बंद होतो, आणि हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असला की हलक्या गाड्यांसाठीही, तेव्हा ‘आपली गाडी जाईल’ हा युक्तिवाद टिकत नाही. घाट बंद होतो तो गाडी चढणार नाही म्हणून नव्हे, तर वरून डोंगर खाली येऊ शकतो म्हणून. बंदीच्या दिवशी बॅरिकेड बाजूला सारून जाणाऱ्या उंच गाड्यांना दंड झालाच पाहिजे, आणि तो जरब बसेल इतका असावा.

घाटातल्या रोजच्या सुरक्षेसाठी पैसे कुठे घालावेत, याचं उत्तर वरच्या गणितातच आहे. चढणं, थांबणं आणि वळणं या तिन्ही कामांत एकच घटक प्रत्येक वेळी येतो: टायर. कायद्याने गाडीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते, पण कोकणच्या पावसात ती मर्यादा गाठेपर्यंत थांबणं चुकीचं आहे. पाणी बाजूला सारायचं काम खाचाच करतात. त्या उथळ झाल्या, की महामार्गाच्या वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतो. फोर बाय फोरला शोभेल म्हणून मोठ्या गठ्ठ्यांचे मड टायर बसवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, की ओल्या डांबरावर ते साध्या टायरपेक्षा कमी धरतात. आणि ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत दोनच टायर नवे घालण्याची काटकसर महागात पडते. नव्या-जुन्या टायरच्या व्यासातला फरक बघून संगणकाला सतत वाटत राहतं, की चाक घसरतंय, आणि मधल्या चकत्या तापून झिजतात.

टायरनंतर इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. १९९५ साली मर्सिडीजच्या गाडीत पहिल्यांदा आलेली ही यंत्रणा गाडी वळणावर रेषेबाहेर जायला लागली, की योग्य त्या एकाच चाकाचा ब्रेक लावून तिला परत वळवते. ऑक्टोबर २०२३ला सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीत तीन तारे आणि त्यावर जायचं, तर ती गाडीत असावी लागते. महाड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या, आठवड्यातून एकदा घाट चढणाऱ्या कुटुंबाने दोन-तीन लाख जास्त मोजून फोर बाय फोर घेण्यापेक्षा ही यंत्रणा असलेली साधी गाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून दर काही वर्षांनी मे महिन्यात चार चांगले टायर बदलावेत. पुन्हा विक्रीच्या किमतीचा विचार करणाऱ्यांना हे पटणार नाही, पण गाडीत मुलं बसतात.

गुणांक ०.७ राहील की ०.२ होईल, हे मात्र गाडीमालकाच्या हातात नाही. ते सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हातात आहे. वळणावर चिखल येतो तो गटार तुंबल्यामुळे. मेअखेरीस गटार साफ झालं नाही, की पहिल्या मोठ्या पावसात डोंगराचं पाणी माती घेऊन रस्त्यावरून वाहतं. सावलीच्या वळणांवर शेवाळ धरतं. ‘रस्ता निसरडा आहे, वाहने सावकाश चालवा’ असा फलक लावणं सोपं आहे. जेसीबी आणि पाण्याचा टँकर पाठवून तो चिखल त्याच दिवशी धुऊन काढणं हे खरं काम. कठड्यांचंही तेच. २८ जुलै २०१८ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीत दरीत कोसळली आणि ३० जण गेले. त्या घाटात दरीच्या बाजूच्या प्रत्येक वळणाला बसचं वजन अडवेल असा कठडा हवा. रस्ताच सुधारला तर काय होतं, याला कशेडी घाटाचं उदाहरण समोर आहेच. २०२३च्या गणेशोत्सवात तिथला सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा हलक्या वाहनांना एका बाजूने खुला झाला आणि ज्यांना पूर्वी तो घाट पावसात ओलांडावा लागे, त्यांची वळणं, उतार आणि चिखल एकदम टळले. चाकरमान्यांनी त्या वर्षी कोणतीही नवी यंत्रणा विकत घेतली नव्हती.

मग फोर बाय फोर कोणाला हवी? ज्यांना चढणं टाळता येत नाही त्यांना. पोलादपूर आणि महाडच्या डोंगरात धनगरवाड्या आहेत, तिथे जाणारा शेवटचा रस्ता कच्चा आणि उभा असतो. पावसाळ्यात बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस झोळीत घालून खाली आणावा लागतो, कारण रुग्णवाहिका फाट्यावरच थांबते. २०१४पासून राज्यात धावणाऱ्या १०८च्या गाड्या मोठ्या रस्त्यांसाठी उत्तम आहेत, पण त्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या लांब व्हॅन आहेत आणि ओल्या मातीच्या चढावर वरच्या गणितातल्या १७६ किलोसारखी अडचण त्यांनाही येते. डिफरन्शियल लॉक असलेली गुरखासारखी गाडी पुण्याचीच एक कंपनी बनवते. केरळ पोलिसांनी डोंगराळ हद्दीतल्या ठाण्यांसाठी त्या घेतल्या. रायगड जिल्हा परिषदेने महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांसाठी अशा दोन-दोन गाड्या स्ट्रेचरसह घेतल्या, चालकांना फोर लो कधी लावायचं आणि वाहत्या पाण्यात कधी उतरायचं नाही याचं प्रशिक्षण दिलं, आणि टायरचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळा धरला, तर या तंत्रज्ञानाचा पैसा या दोन तालुक्यांत सर्वांत जास्त वसूल होईल. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात आरोग्यासाठी वाहन खरेदी करता येते. मागणी तालुक्यातून जायला हवी, आणि ती पुढच्या पावसाळ्याच्या आधी जायला हवी.